इशारे पाठ, मांडणीचा विसर

संविधानाच्या पंचाहत्तरीनिमित्त डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांत चर्चा झाली. सत्ताधाऱ्यांनी आणीबाणीचे स्मरण करून दिले, विरोधकांनी संविधान धोक्यात असल्याचे सांगितले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दोन्ही बाकांवरून घेतले गेले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणातील इशारे आता सर्वच पक्षांच्या वक्त्यांना पाठ झाले आहेत. मात्र ज्या मांडणीच्या बळावर ते इशारे टिकून राहिले, तिचे अनुकरण करण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही.

त्या वेळी घटना समितीवर मोठा आक्षेप होता तो दिरंगाईचा आणि जनतेच्या पैशाच्या उधळपट्टीचा. या आरोपाला टाळ्यांचे वाक्य फेकून उत्तर देणे अवघड नव्हते. बाबासाहेबांनी हिशेब मांडला. ९ डिसेंबर १९४६ पासून २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस, ११ अधिवेशने, कामकाजाचे १६५ दिवस, त्यांपैकी ११४ दिवस मसुद्यावरील विचारासाठी. मग त्यांनी इतर देशांकडे बोट दाखवले. अमेरिकेला ४ महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला साधारण वर्ष, कॅनडाला २ वर्षे ५ महिने आणि ऑस्ट्रेलियाला ९ वर्षे.

यातील पहिले दोन दाखले त्यांच्या विरोधात जाणारे होते. त्यांनी ते लपवले नाहीत. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेपेक्षा आपल्याला अधिक काळ लागला, हे त्यांनी आधी मान्य केले आणि त्यानंतर कारणे दिली. अमेरिकेच्या घटनेत मुळात ७ कलमे होती, आपल्या घटनेत ३९५. शिवाय आपल्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. एवढे ऐकल्यावर दिरंगाईचा आरोप करणाऱ्याला आपला मुद्दा नव्याने तपासणे भाग होते.

विरोधी मतांनाही त्यांनी हाच न्याय लावला. घटनेचा निषेध करणाऱ्या साम्यवादी आणि समाजवादी पक्षांना नेमके काय हवे आहे, हे त्यांनी प्रथम सांगितले आणि उत्तर नंतर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे विकृत करून त्याचा फडशा पाडणे सोपे असते. ते जसे आहे तसे मांडून खोडणे कठीण. बाबासाहेबांनी कठीण मार्ग पत्करला.

भाषणाच्या उत्तरार्धातील इशाऱ्यांना हा भक्कम पाया मिळाला होता. स्वातंत्र्य पुन्हा गमावले जाईल काय, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो काल्पनिक नाही हे पटवण्यासाठी सिंधच्या दाहीर राजापासून १८५७ पर्यंतचे दाखले दिले. मग उपाय तीनच सांगितले: सनदशीर मार्ग सोडू नका, व्यक्तिपूजेत अडकू नका आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्या. प्रत्येक उपायामागे कारण होते. सत्याग्रहाचा मार्ग आता सोडावा असे म्हणताना, सनदशीर मार्ग बंद असतानाच्या काळात त्याला समर्थन होते, हेही त्यांनी नमूद केले.

ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, तेव्हा त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. तिजोरीत शिल्लक वाढते आहे आणि रयत मात्र दुष्काळाने पिचली आहे. म्हणजे कर गरजेपेक्षा जास्त आहेत, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. त्या आकडेमोडीमागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकाचे परिश्रम होते. १९०३ मध्ये मिठावरील कर कमी झाला. त्याचे सारे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. परंतु सरकारला ज्याचे उत्तर द्यावे लागेल अशी मागणी कशी करावी, याचा तो वस्तुपाठ होता.

आजची भाषणे याच कसोटीवर उणी ठरतात. हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. आकडा दिला की तो तपासता येतो, कारण दिले की ते खोडता येते. नुसत्या घोषणेला उत्तर फक्त दुसऱ्या घोषणेचेच मिळते. मग चर्चा पुढे सरकत नाही आणि मोठा आवाज ज्याचा तोच खरा ठरतो. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत डोळ्यांपुढे ठेवून बोलणाऱ्या वक्त्याला मुद्द्यांची क्रमवारी अनावश्यक वाटते, यात नवल नाही. यात नुकसान होते ते मतदाराचे. कोणाचे म्हणणे पुराव्यावर उभे आहे, हे ठरवण्याचे साधनच त्याच्या हाती राहत नाही.

बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी म्हणूनच त्यांचे एखादे वाक्य उचलण्यापूर्वी ते संपूर्ण भाषण एकदा वाचावे. आपला मुद्दा कोणता, त्याला आधार काय आणि त्याविरुद्ध काय म्हणता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवून वक्ते उभे राहू लागले, तर सभागृहातील वेळ कारणी लागेल. श्रोत्यांनीही टाळी देण्यापूर्वी हेच तीन प्रश्न विचारायला हवेत.