आधी कोण, नंतर कोण?

मेंदूतल्या दोन पेशींमधली जोडणी पक्की होणार की सैल पडणार, याचा निकाल सेकंदाच्या पन्नासाव्या भागातही लागू शकतो. एक चेतापेशी दुसरीला उद्दीपित करण्यात वारंवार हातभार लावत असेल, तर दोघींमधला दुवा बळकट होतो, असे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये लिहिले होते. तेव्हा तो तर्क होता. १९९८ मध्ये बी आणि पू या शास्त्रज्ञांनी उंदराच्या पेशी बशीत वाढवून तो तपासला. निरोप देणारी पेशी आधी आणि घेणारी २० मिलिसेकंदांच्या आत नंतर पेटली, की जोडणी मजबूत होत होती. हाच क्रम उलटा केला, की ती दुबळी होत होती.

असे का व्हावे? बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसेच काहीसे. घेणाऱ्या पेशीवरच्या ‘एनएमडीए’ नावाच्या दारात मॅग्नेशियमचे बूच बसलेले असते. समोरून ग्लुटामेट आले, ही पहिली किल्ली. पेशी स्वतः उद्दीपित झाली, की बूच उडते, ही दुसरी. दोन्ही जुळल्या तरच पुरेसे कॅल्शियम आत शिरते आणि जोडणी बळकट होते.

माणसातही याचा माग लागतो. मनगटाजवळच्या चेतेला सौम्य विद्युत झटका आणि २५ मिलिसेकंदांनी मेंदूवर चुंबकीय स्पंदन, अशा जोड्या वारंवार दिल्या, की हाताच्या स्नायूंना मिळणारा मेंदूचा संदेश काही काळ जोरकस होतो. हेच अंतर १० मिलिसेकंद ठेवले, तर तो क्षीण होतो. अर्थात जिवंत मेंदूत एवढाच एक नियम चालत नाही. काही शिकण्यात काही सेकंदांचे अंतरही चालते. त्यामुळे बशीतला प्रयोग थेट रुग्णाच्या खाटेवर आणून ठेवणे घाईचे ठरेल.

तरी पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरी एक दृश्य हमखास दिसते. मुलगा वडिलांचा लुळा हात वरखाली करतोय आणि वडिलांचे डोळे टीव्हीवर. सांधा आखडू नये म्हणून हा व्यायाम हवाच. पण मेंदूला नवी वाट पाडायची असेल, तर हालचालीचा हुकूम रुग्णाच्या मेंदूतून सुटला पाहिजे आणि हात हलल्याची खबर लगेच मागोमाग पोचली पाहिजे. सरकारी रुग्णालयात खाटा अपुऱ्या. रुग्ण लवकर घरी जातो आणि पुढचे सारे नातेवाइकांवर येते. डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी’ एवढा एकच शब्द असतो. खरे तर तिथे क्रमही लिहायला हवा: आधी ‘बाबा, उचला’ म्हणायचे, त्यांच्या कपाळावर प्रयत्नाची आठी दिसेपर्यंत थांबायचे, आणि मगच हाताला आधार द्यायचा.