तेल स्वच्छ दिसले म्हणून…

ट्रान्सफॉर्मरचे तेल डोळ्यांना स्वच्छ दिसले की ते ठीक, हे मागील अंकातील पत्रातले विधान अपुरे आहे. विरघळलेला ओलावा दिसत नाही; २.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये तेल किती किलोव्होल्ट सोसते, हे मोजल्यावर त्याचा अंदाज येतो. ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली, की दमट हवा थेट आत शिरते. कोकणातल्या पावसाळ्यात हे लवकर घडते, आणि एका नजरेत होणारी हीच पाहणी नेमकी राहून जाते. विरघळलेल्या वायूंची चाचणी त्याहून बोलकी: ॲसिटिलीन वाढले, तर आत आर्किंग होत असल्याचा संशय घ्यावा. तेल गाळून, कोरडे करून पुन्हा वापरता येते. वाइंडिंगवरचा जीर्ण कागद मात्र पूर्ववत होत नाही.