सामान्य पूर्वजाची नोंद

आपल्या कुळांत कोणी थोर पुरुष होऊन गेला असावा, अशी इच्छा बहुतेक मनुष्यांच्या मनांत असते. त्यामुळें वंशावळ शोधावयास बसलेला मनुष्य पुष्कळ वेळां सत्य शोधीत नसतो. तो एखादा सरदार किंवा किल्लेदार शोधीत असतो. आमचें मत याच्या उलट आहे. ज्यानें दुसऱ्याची जमीन खंडानें कसली, ज्याचें नांव कोणत्याही राजाच्या दफ्तरांत मानानें लिहिलें गेलें नाहीं, अशा पूर्वजाचा शोध घेण्यांत अधिक शिक्षण आहे. हें मत स्कॉटलंड देशाच्या उदाहरणानें स्पष्ट करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण खेड्यांतील गरीब मनुष्याविषयींचे कागद त्या देशानें बऱ्याच काळजीनें जपले आहेत.

त्या देशांत १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. मृत्यूच्या नोंदींत मृताच्या बापाचें नांव तर असतेंच, पण आईचें नांव व तिचें माहेरचें आडनांव हेंही असतें. सन १८४१ पासून दर दहा वर्षांच्या खानेसुमारींत घरोघरच्या माणसांचीं नांवें मिळतात. त्याहून मागें जावयाचें तर पॅरिश चर्चच्या वह्या पाहाव्या लागतात. उपलब्ध वह्यांपैकीं सर्वांत जुनी पर्थशायरांतील एरल गांवची असून ती १५५३ पासूनची आहे. या वह्या लिहिणारा कारकून पुष्कळ ठिकाणीं गांवचा शाळामास्तरच असे. दिवसभर मुलांस अक्षरें गिरवावयास लावून तोच मनुष्य कोणाच्या घरीं मूल जन्मलें, कोणाचें लग्न ठरलें हें टिपून ठेवी. आज शेंकडों कुटुंबांस आपला पणजा सांपडतो तो अशा एका अल्पवेतनी शिक्षकाच्या नेटक्या हातामुळें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आतां एका शेतकऱ्याचें चरित्र पाहूं. विल्यम बर्न्स हा १७२१ सालीं ईशान्येकडील किंकार्डिनशायरांत कुळवाड्याच्या घरीं जन्मला. घरची स्थिति खालावल्यामुळें तो माळीकाम करीत एडिंबरोस व तेथून एअरशायरांत आला. ॲलोवे येथें थोडी जमीन घेऊन त्यानें स्वतःच्या हातांनीं मातीचें घर बांधिलें, आणि १७५७ च्या डिसेंबरांत ॲग्नेस ब्राउन हिच्याशीं विवाह केला. पुढें त्यानें माउंट ऑलिफंट व १७७७ पासून लॉखली येथील शेतें खंडानें केलीं. दोन्ही ठिकाणीं कष्ट फार व पीक थोडें. सन १७८३ मध्यें खंडाच्या वादावरून जमीनदारानें त्याच्या मालावर जप्ती आणिली.

एवढाच कागद हातीं लागला असता, तर विल्यम हा देणें बुडविणारा मनुष्य होता असेंच कोणीही म्हटलें असतें. परंतु तो वाद एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयांत गेला, आणि जानेवारी १७८४ मध्यें निकाल मुख्यतः विल्यमच्या बाजूनें लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १३ फेब्रुवारी रोजीं, तो क्षयानें मरण पावला. शिवाय याच मनुष्यानें १७६५ सालीं शेजाऱ्यांशीं मिळून आपल्या मुलांसाठीं एक तरुण शिक्षक पगारानें ठेविला होता, हें न्यायालयाच्या दफ्तरांत नव्हे, तर त्याच्या मुलांच्या व त्या शिक्षकाच्या पत्रांत आढळतें. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, एका कागदावरून कोणाही मनुष्याची पारख करूं नये. मृताची तर मुळींच करूं नये, कारण त्यास उत्तर देतां येत नाहीं. हा विल्यम स्कॉटलंडचा प्रसिद्ध कवि रॉबर्ट बर्न्स याचा पिता होय. पुत्राच्या कीर्तीमुळें त्याचे कागद इतक्या बारकाईनें वाचले गेले. एरव्हीं ते धूळ खात पडले असते.

अशा शोधांत सावधगिरी फार लागते. विल्यम आपलें आडनांव ज्या अक्षरांनीं लिही, त्यांतील एक अक्षर मुलांनीं पुढें गाळलें. तेव्हां केवळ लेखनभेदावरून माणसें निराळीं मानूं नयेत. उलट केवळ नामसाम्यावरून एकही मानूं नयेत. थोरल्या मुलास पितामहाचें व दुसऱ्यास मातामहाचें नांव द्यावें, अशी तेथें चाल होती. विल्यमनेंही थोरल्यास आपल्या बापाचें रॉबर्ट हें नांव दिलें व दुसऱ्यास सासऱ्याचें गिल्बर्ट हें. नातवास आजोबांचें नांव ठेवणाऱ्या आपल्या लोकांस ही चाल परकी वाटणार नाहीं. पण तिच्यामुळें एकाच गांवांत एका नांवाचे चार चार चुलतभाऊ होतात, आणि उतावळा शोधक भलत्याच्याच आजोबांस आपले म्हणून बसतो. शिवाय वह्यांत खंडही आहेत. १७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, म्हणून कित्येक गरिबांनीं नोंदच केली नाहीं. अशा जागीं कल्पनेनें नांव भरण्यापेक्षां जागा रिकामी ठेवणें हेंच सचोटीचें लक्षण होय.

यापुढची कसोटी अधिक कठीण आहे. चर्चच्या पंचसभेच्या वह्यांत दोषांचीही नोंद असे. खुद्द कवि बर्न्स यास १७८६ सालीं मॉख्लिनच्या चर्चमध्यें सर्वांसमक्ष शब्द ऐकून घ्यावे लागले. आपल्या पूर्वजाविषयीं असा लेख निघाला तर तो लपवावा काय? आम्ही म्हणतों, लपवूं नये. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं प्रभु येशूची वंशावळ दिली आहे. तींत तामार व राहाब यांचीं नांवें गाळलेलीं नाहींत. पवित्र शास्त्रास ज्याची लाज वाटली नाहीं, त्याची आपण कां वाटून घ्यावी?

आणि स्त्रियांचें काय? विल्यमची पत्नी ॲग्नेस हिला लिहितां येत नव्हतें. तिचें आयुष्य आपणांस पतीच्या व पुत्रांच्या कागदांतूनच दिसतें. जिनें घर चालविलें, तिचा स्वतःचा शब्द मात्र कागदावर नाहीं. मुलींच्या शिक्षणाचें महत्त्व यापेक्षां अधिक स्पष्टपणें कोण सांगूं शकेल?

आपल्याकडेही नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, शाळांचीं रजिस्टरें आहेत, चर्चमध्यें बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत. पण सर्वांत मोठें दफ्तर घरांतच बसलेलें असतें, आणि त्याची मुदत थोडी असते. तरी विद्यार्थ्यांनीं या सुटींत आजीआजोबांजवळ बसून त्यांचें गांव, त्यांचे आईबाप, त्यांचे कष्ट हीं विचारून, तारीख घालून, स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावीं. जें निश्चित कळलें नाहीं तेथें जागा कोरी सोडावी. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांनीं विचारलें असतां कुळांतील गरिबी झांकून सांगूं नये. ज्या कष्टांवर आपण उभे आहों, त्यांचें नांव घेणें हें मुलांचें भूषणच होईल.