आधी 'क्लीन' करून दाखवा, मग 'झालं' म्हणा!

माझं मत आधीच सांगून टाकतो: जो प्रोजेक्ट पूर्ण पुसून एका कमांडवर पुन्हा उभा राहत नाही, तो झालेलाच नाही. डेमोत भले कितीही छान पळो.

हे बोलायचं कारण म्हणजे आमच्या खान्देशातली पोरं. जळगाव, धुळे, शिरपूरहून दरवर्षी इंजिनीअर होऊन पुण्याला येतात. डोकं आहे, कष्टाची तयारी आहे. पण पहिल्याच आठवड्यात कुणी म्हणतं, "कोड घे आणि बिल्ड कर", की गाडी अडते. चार वर्षं नुसतं 'रन'चं बटण दाबलेलं. त्यामागे काय होतं ते कुणी दाखवलेलंच नसतं. मग टीम लीड निष्कर्ष काढून मोकळा: "गावाकडची पोरं, कच्चीच असतात." राग येतो तो ह्याचा!

असं अवघड काय आहे त्यात? कॉन्फिगर म्हणजे ह्या मशीनवर कंपायलर कोणता, लायब्ररी कुठे, ते शोधणं. बिल्ड म्हणजे जे बदललं तेवढंच पुन्हा कंपाइल करणं. क्लीन म्हणजे सोर्स सोडून बाकी तयार झालेलं पुसणं. बस्स. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ साली 'मेक' लिहिलं, ते एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ वाया गेली म्हणून. त्या बिचाऱ्याने बग काढला होता, पण फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती!

"पण क्लीन कशाला? चालतंय ना!" असं म्हणणारे भेटतातच. अहो, मेक फक्त फायलींच्या वेळा बघतं. लॅबमधल्या जुन्या पीसीची सीमॉस बॅटरी गेली, घड्याळ मागे पडलं, की आत्ता बदललेली फाइलही त्याला जुनी वाटते आणि ते तिला हात लावत नाही. सीमेकची वेगळीच तऱ्हा. त्याच्या कॅशेत फोल्डरचा पूर्ण पत्ता असतो. जळगावच्या मित्राने बिल्ड फोल्डरसकट झिप धुळ्याला पाठवली आणि तिथे पत्ता वेगळा असला, की एरर ठरलेली. इथे नुसतं क्लीनही पुरत नाही, कॅशे तशीच राहते. अख्खा बिल्ड फोल्डरच उडवायचा. म्हणून तो सोर्सपासून वेगळा ठेवायचा.

"सिलॅबसमध्ये नाही", "मशीन जुन्या आहेत" ही कारणं मला पटत नाहीत. मेकला इंटरनेट लागत नाही की भारी मशीन लागत नाही. पाच ओळींची मेकफाइल एका प्रॅक्टिकलमध्ये शिकवून होते.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली, कारण ती सोपानदेवांनी आणि घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवली; १९५२ साली पुस्तक निघालं तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. आपले प्रोजेक्ट मात्र एकाच पोराच्या तोंडपाठ असतात. पोरगा पास झाला की प्रोजेक्ट मेला!

तेव्हा सर, मॅडम, व्हायवात एवढंच म्हणा: "बिल्ड फोल्डर उडव, आणि शेजारच्या मशीनवर उभं करून दाखव." पाच मार्क ठेवा त्याला. पोरं आठवड्यात शिकतील. मार्कांसाठी आपली पोरं काय काय करतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.