घामाचा हिशोब मिनिटांत ठेवा

गेल्या महिन्यात हुडकेश्वरच्या आमच्या लेआऊटमधील एक भाऊ रविवारी सकाळी घरी आले. रात्रपाळीचे चौकीदार आहेत. हातात पगारपट्टी होती. म्हणाले, "भाऊ, पैसे कमी वाटून राहिले. पण कॉम्प्युटरची पट्टी आहे, ते कशी चुकीन?"

मी स्वतः कारकून आहे. आयुष्य मस्टरवर बेरजा मारण्यात गेले. म्हणून सांगतो, कॉम्प्युटर बेरीज चुकत नाही. त्याला आकडा चुकीचा दिला तर तो चुकीच्या आकड्याची अगदी बरोबर बेरीज करून देतो!

भाऊंची ड्युटी रात्री ९ ते सकाळी ६.३०. म्हणजे साडेनऊ तास. आठवड्याला सहा रात्री. पट्टीवर २४ रात्रींचे तास होते २२३.२०. आम्ही कागदावर मांडले तर २२८ भरले. मग ४.८० तास गेले कुठे?

चूक अशी झाली. कॉम्प्युटरने जाण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केली. ६.३० मधून २१ तास वजा जात नाहीत. मध्यरात्री तारीख बदलते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. उत्तर विचित्र आले म्हणून तिथल्या कारकुनाने हाताने ९.३० असा आकडा भरला. इथेच घात झाला. रुपयाचे पैसे १००, पण तासाची मिनिटे ६०. साडेनऊ तास म्हणजे ९.३० नव्हे, ९.५० होतात. रोज बारा मिनिटे गळाली. महिन्याला ती ४ तास ४८ मिनिटे झाली.

हे तास साधे नाहीत, ४८ तासांच्या वरचे आहेत. जादा कामाला दुप्पट मजुरी १९४८ च्या कारखाना अधिनियमात होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही ती दुप्पटच आहे. म्हणजे बुडाले ते ९ तास ३६ मिनिटांचे पैसे. एका दिवसाच्या मजुरीहून जास्त!

आठवड्याचे ४८ तास हा आकडाही आपोआप आलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. जे हक्काने मिळाले, ते दशांश चिन्हाच्या चुकीने का घालवायचे?

आपली शिकलेली मुले-मुली आज ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात. त्यांनी या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत्येक ड्युटीची स्वतंत्र ओळ करा. येण्याची आणि जाण्याची वेळ तारखेसह नोंदवा, म्हणजे रात्रपाळी अडत नाही. तास हाताने भरू नका, कॉम्प्युटरला काढू द्या. बेरीज मिनिटांत करा आणि ६० ने भाग सर्वांत शेवटी द्या. भाऊंची एक रात्र ५७० मिनिटांची. २४ रात्रींची १३,६८० मिनिटे. भागिले ६०, बरोबर २२८ तास.

आणखी एक फसगत सांगतो. एक्सेलमध्ये वेळेची बेरीज २४ तासांच्या पुढे गेली की घड्याळासारखी पुन्हा शून्यापासून दिसते. भाऊंचे आठवड्याचे ५७ तास तिथे फक्त ९ दिसतील, कारण दोन पूर्ण दिवस, म्हणजे ४८ तास, दिसेनासे होतात. आत बेरीज बरोबर असते, दाखवणे चुकते. त्या रकान्याच्या फॉरमॅटमध्ये तासाचे चिन्ह चौकोनी कंसात टाकले की पूर्ण ५७ दिसतात.

आम्ही कागद घेऊन ऑफिसात गेलो. भांडलो नाही. तिथला कारकूनही पगारी माणूसच. त्याने बेरीज पाहिली, चूक मान्य केली. फरक पुढच्या पगारात मिळाला. पण मागच्या महिन्यांचे काय? भाऊंकडे कोणत्या रात्री किती वाजता आले-गेले याची एकही नोंद नव्हती. तिथे आमचे तोंड बंद झाले.

म्हणून माझ्या बंधू-भगिनींनो, मुलांच्या जुन्या वहीतली कोरी पाने काढा. तारीख, आलो किती वाजता, निघालो किती वाजता, एवढेच रोज लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. रविवारी तिलाच बेरीज करायला बसवा. तिचे गणित पक्के होईल आणि बापाच्या घामाची किंमतही तिला कळेल. भाऊंची वही आता त्यांची सातवीतली मुलगी लिहिते.