कोलेस्टेरॉल कमी आलं म्हणून निश्चिंत? आतड्याच्या रुग्णांसाठी रिपोर्टचा हिशोब वेगळा

तपासणी शिबिरं आता खेड्यापाड्यात नवी राहिली नाहीत. सकाळी मंडपात रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट. त्यात कोलेस्टेरॉलचा आकडा जास्त दिसला की घरात तूप बंद होतं, आणि कमी दिसला की सगळे निर्धास्त. पण ज्यांच्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज आहे, त्यांना हा सरळ हिशोब लागू पडत नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे दोन आजार मिळून डॉक्टर ‘आयबीडी’ म्हणतात. महिनोन्‌महिने जुलाब, शौचातून रक्त आणि आव, पोटात कळा, वजन उतरणं ही लक्षणं. गावात रक्त दिसलं की आधी मूळव्याधीचं औषध सुरू होतं. क्रोन्स तर आतड्याच्या टीबीसारखाच दिसतो, त्यामुळे निदानाला वेळ जातो. (नावाने जवळचा वाटणारा ‘आयबीएस’ हा वेगळा त्रास. त्यात आतड्याला सूज किंवा जखम नसते.)

आजार भडकलेला असताना या रुग्णांचं एकूण कोलेस्टेरॉल बऱ्याचदा कमी येतं. वाईट म्हणतात ते एलडीएल कमी आणि चांगलं म्हणतात ते एचडीएलही कमी. काहींचं ट्रायग्लिसराइड मात्र वाढलेलं असतं. एक कारण म्हणजे जेवण अंगी लागत नाही. दुसरं, सूज असताना यकृताचं चरबीचं कामकाजच बदलतं. तिसरं कारण पित्ताचं आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल बनवतं आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग त्यातलं बहुतेक परत शोषून घेतो. क्रोन्समध्ये नेमका हाच भाग अनेकदा खराब होतो, काहींचा तर ऑपरेशनमध्ये काढावा लागतो. मग पित्ताम्ल शौचावाटे निघून जातं, आणि नवीन बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. आकडा खाली येतो तो असा.

म्हणजे हा कमी आकडा तब्येतीचा दाखला नव्हेच. उलट परदेशातल्या मोठ्या पाहण्यांत आयबीडीच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्तच आढळला आहे, त्यातही स्त्रियांमध्ये. शरीरात सतत राहणारी सूज रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. कोलेस्टेरॉल कमी आणि धोका जास्त, असा हा उलटा प्रकार आहे.

खरी फसगत पुढे होते. औषध लागू पडतं, जुलाब थांबतात, वजन भरतं आणि पुढच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसतं. ‘गोळ्यांनी चरबी वाढवली’ असं ठरवून माणूस औषधच सोडून देतो. यातली काही वाढ म्हणजे अन्न अंगी लागू लागल्याची खूण असते. औषध सोडलं तर काही आठवड्यांत पुन्हा रक्त सुरू होऊन दवाखान्यात भरती व्हायची वेळ येऊ शकते.

सगळी वाढ निरुपद्रवी असते असंही नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चरबी, साखर आणि बीपी तिन्ही वाढवू शकतात. त्या मनाने सुरू करू नयेत, आणि अचानक बंदही करू नयेत. कोलायटिससाठी दिली जाणारी टोफासिटिनिब ही गोळी एलडीएल आणि एचडीएल दोन्ही वाढवते. म्हणूनच ती सुरू केल्यावर 4 ते 8 आठवड्यांनी चरबीची तपासणी करायला सांगतात. संधिवाताच्या वयस्कर रुग्णांत या गोळीने हृदयविकाराचा धोका वाढल्याचं दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये इशारा कडक केला. पन्नाशी ओलांडलेल्या किंवा बिडी-सिगारेट ओढणाऱ्या रुग्णाने हे डॉक्टरांशी बोलून घ्यायलाच हवं.

आपल्याकडे चरबीचा प्रश्न तसाही मोठा आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत 81.2 टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड आढळला. 2024 मध्ये हृदयरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने भारतासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. कमी धोक्याच्या माणसाचं एलडीएल 100 च्या खाली, जास्त धोक्याच्याचं 70 च्या खाली. साध्या तपासणीसाठी उपाशीपोटी जायची गरज नाही, असंही त्यात आहे.

मात्र आतड्याच्या रुग्णाने आजार शांत असताना केलेला रिपोर्ट जास्त भरवशाचा धरावा. भडका चालू असतानाच तपासणी झाली असेल तर आजार आटोक्यात आल्यावर ती पुन्हा करून घ्यावी. सोबत सीआरपी ही सूज दाखवणारी साधी रक्ततपासणी केली तर डॉक्टरला अंदाज येतो. शिबिरात सहसा साखर आणि बीपीचं विचारतात, आतड्याचं कुणी विचारत नाही. तेव्हा जुनी फाईल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि ऑपरेशन झालं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड आपणच बरोबर न्यायचं. तुपाचं काय करायचं ते त्यानंतर ठरवता येतं.