ग्रामीण रुग्णालये : इमारती उभ्या, सेवा आडवी

ग्रामीण रुग्णालय बांधणे सोपे. ते चालविणे कठीण. कोनशिला बसते, उद्घाटन होते, छायाचित्रे छापून येतात. पुढे वर्षानुवर्षे वेतन, औषधे, वीज व दुरुस्ती यांवर जो पैसा लागतो, त्याचे उद्घाटन करावयास कोणी येत नाही. भांडवली खर्चाला श्रेय असते, महसुली खर्चाला नसते. महाराष्ट्रातील ग्रामीण आरोग्यसेवेचे मूळ दुखणे बव्हंशी येथेच आहे.

कागदावर रचना निर्दोष आहे. सपाट प्रदेशात ३० हजार, तर डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय. परंतु रुग्णालयातील माणसे परस्परपूरक असतात. शल्यचिकित्सक आहे आणि भूलतज्ज्ञ नाही, तर अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया होत नाही. शल्यचिकित्सकाच्या वेतनावरील खर्चही व्यर्थ जातो. येथे अर्ध्या पैशांत अर्धी सेवा मिळत नाही. बहुधा मुळीच मिळत नाही.

यावर उत्तर म्हणून विमा योजनांकडे बोट दाखविले जाते. २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मोठ्या शस्त्रक्रियांच्या खर्चातून तिने अनेक कुटुंबांना वाचविले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु विमा पैसे देतो तो झालेल्या उपचारांचे, सज्जतेचे नव्हे. मध्यरात्री सर्पदंशाचा रुग्ण येईल म्हणून जागी असलेली परिचारिका आणि शीतपेटीतील प्रतिविष यांचा खर्च रुग्ण आला नाही तरी होतोच. अग्निशामक दलाचे अनुदान आगींची संख्या मोजून कोणी ठरवीत नाही.

लहान रुग्णालयांत रुग्ण कमी, म्हणून दर रुग्णामागे खर्च अधिक, हा आक्षेप हिशेबाने खरा आहे. परंतु या हिशेबात रुग्णाने जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यासाठी मोजलेले गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी धरलेली नसते. शासनाचा वाचलेला खर्च गरिबाच्या खिशातून जातो, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय खालचा बांध फुटला की पाणी वरच्या बांधावर येते. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्या घटनेची कारणे एकाहून अधिक असतील. पण दूरच्या तालुक्यांतील अत्यवस्थ रुग्णांचा भार अशाच रुग्णालयांवर पडतो, हे विसरता येत नाही.

राज्यांनी २०२० पर्यंत अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले होते. महाराष्ट्र त्यापासून दूरच राहिला. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हा निर्णय स्वागतार्हच. मात्र केसपेपर विनामूल्य आणि औषध बाहेरच्या दुकानातून, अशी स्थिती असेल तेथे ती माफी नाममात्र ठरते.

तेव्हा निदान तीन गोष्टी व्हाव्यात. नव्या इमारतीस मंजुरी देतानाच तिच्या पदांची व आवर्ती खर्चाची तरतूद व्हावी. मूळ अनुदान रुग्णसंख्येवर नव्हे, तर चोवीस तासांच्या सज्जतेवर ठरावे. आणि ते वर्षारंभी मिळावे. मार्चअखेर हाती पडलेल्या पैशातून घाईची खरेदी होते, जूनमधील सर्पदंशाचा रुग्ण वाचत नाही.